देवघर वगळून

सुलोचनाबाई काकडे कामाआधी कागद लिहून घेतात, हे पहिल्यांदा कळलं तेव्हा ग्वाल्हेरातली सगळी लष्कर पेठ पोट धरून हसली होती. झाडू-फडकं घेऊन फिरणारी बाई करारनामा मागते म्हणजे काय! दौलतगंजात त्यांचं नावच 'वकीलीणबाई' पडलं, आणि भाजीवालासुद्धा कोथिंबीर देताना विचारायचा, "बाईजी, पहले लिखा-पढी कर लें?" सुलोचनाबाई ते हसण्यावारी न्यायच्या. हसणाऱ्यांचं काय जातं? ज्यांच्या घरी कधी कोतवालीचा शिपाई आला नाही, त्यांना कागद लागतच नाही.

सुलोचनाबाईंच्या घरी शिपाई आला होता. त्यांचा नवरा फौजेत होता. मोठ्या लढाईत बसऱ्याकडे गेला तो परतलाच नाही. सासरे एका सरदाराच्या फरासखान्यात होते. गालिचे, झुंबरं, काचेच्या हंड्या, तसबिरी यांची निगा राखायची, हे तिथलं काम. ते बघत बघत सुलोचनाबाई शिकल्या आणि पुढे चार बायका जमवून त्यांनी मोठ्या घरांची साफसफाई अंगावर घेतली. दिवाळी, लग्न, मुंज, कोणी बडा पाहुणा, असं काही निघालं की बोलावणं यायचं. एका हवेलीत मात्र आधीच तडा गेलेली हंडी त्यांच्या माथी मारली गेली. वर एक अत्तरदाणी नाहीशी झाली म्हणून शिपायाने घरी येऊन त्यांच्या चुलीतली राखसुद्धा उपसली. अत्तरदाणी पुढे हवेलीतच सापडली, पण ते सांगायला कोणी आलं नाही. वर्षभर चांगल्या घरातल्या कोणी सुलोचनाबाईंना दारात उभं केलं नाही.

त्यानंतर त्या थेट कचेरीच्या फाटकाशी बसणाऱ्या गोपाळकृष्ण मुनशींकडे गेल्या आणि त्यांच्याकडून एक मजकूर बांधून घेतला. कोणत्या खोल्या झाडायच्या, कोणतं सामान आधीच फुटकं किंवा चिरलेलं आहे, कपाटांच्या किल्ल्या कोणाकडे राहतील, हे सगळं त्यात यायचं. कागदात नसलेलं काम ऐन वेळी निघालं, तर ते कागदाच्या पाठीवर लिहून घरच्या माणसाने सही करायची, मगच बायका हात लावणार. आणि दर कागदात एक ओळ ठरलेली असे. देवघर वगळून. ही ओळ मुनशींची नव्हती, सुलोचनाबाईंची स्वतःची होती. सोवळ्या-ओवळ्याच्या भानगडीत पडलं की आपलं खरं असूनही आपण खोटे ठरतो, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

जनकगंजातल्या पांडुरंगराव टिकेकरांनी असा कागद पाहिला तेव्हा त्यांना गंमत वाटली. ते मुलकी खात्यात मोठ्या हुद्द्यावर होते, दिवसभर दुसऱ्यांच्या कागदांतल्या चुका काढायचे. चष्मा कपाळावर सारून ते म्हणाले, "बाई, तुम्ही आमच्या खात्यात यायला हवं होतं." आणि त्यांनी झोकदार सही ठोकली. नातवाची मुंज आठ दिवसांवर आली होती. त्यांची बायको, माईसाहेब, उज्जैनला नवस फेडायला गेल्या होत्या, मुलगा भालचंद्र नोकरीवर शिवपुरीला होता, सोवळ्यात स्वयंपाक करणारी बाई सुतक आलं म्हणून भिंडला गेली होती. घरच्या बायकांत राहिली होती एकटी सून, मुंजीच्या मुलाची आई, शामला.

तिसऱ्या दिवशी दुपारी आंधी आली. वैशाखातली ग्वाल्हेरची आंधी म्हणजे काय ते दाराच्या फटीत चिंध्या कोंबणाऱ्यांनाच विचारावं. अर्ध्या तासात पुसलेल्या घराचा उकिरडा झाला. सुलोचनाबाईंच्या बायका कपाळाला हात लावून परत फडकी पिळायला बसल्या, तोच मागच्या ओसरीवरून हाक आली.

शामला तिथे गोणपाटावर बसली होती. जवळ तिचं वेगळं ताट, वेगळा तांब्या. कालच ती बाजूला बसली होती. अजून परवापर्यंत तिने घरातल्या कशालाही शिवायचं नव्हतं.

"सुलोचनाबाई, देवघराची खिडकी उघडी राहिली हो," ती म्हणाली. तिच्या तोंडचं पाणी पळालं होतं. "पूजेला येणारे गुरुजी सकाळी उघडी टाकून गेले. सगळ्या देवांवर धूळ बसली असणार. आणि माईंची तार आलीय, उद्या सकाळच्या गाडीनंच येताहेत. मला तर काही सुचूनच नाही राहिलं."

"गुरुजींना बोलवा की वहिनीसाहेब."

"ते लग्नासाठी झाशीला गेले. उद्या दुपारी येतील. तेवढं तुम्ही झाडून द्या. मी तुमच्या पाया पडते."

"आमच्या कागदात देवघर नाही."

"माहीत आहे मला. पण माई आल्या आल्या आधी तिथंच जातात. देव असे धुळीत दिसले तर म्हणतील, सुनेच्या हाती घर दिलं आणि बघा. मुंजीत मांडीला मांडी लावून मुलाला जेवायला घेऊन बसायचा मान आईचा असतो. त्या माझ्या जाऊबाईंना बसवतील. तुम्हाला माई ठाऊक नाहीत."

सुलोचनाबाईंना माई चांगल्या ठाऊक होत्या. त्या विचारात पडल्या. पोरगी काही चैन मागत नव्हती. शेवटी त्यांनी शेवंताकडे पाहिलं. शेवंता त्यांच्या बायकांत सगळ्यांत नेटकी, आणि सवाष्ण. आपण विधवा बाईने मुंजीच्या घरात देवांना हात लावणं सुलोचनाबाईंच्याच मनाला पटेना. "शेवंता, विहिरीवर अंघोळ कर आणि ओलेत्यानं जा," त्या म्हणाल्या. "वहिनीसाहेब, पण पाठीवर लिहून द्यावं लागेल."

त्यांनी कमरेचा कागद काढला. घडी उलगडली. आणि तिथेच हात थांबला.

कागद द्यायचा कसा? शामलाने तो घेतला म्हणजे त्याला तिचा विटाळ झाला. मग तो सुलोचनाबाईंनी कमरेला खोचून घरभर फिरायचं, मुंजीच्या सामानाला हात लावायचा? दौत आणि टाकही पांडुरंगरावांच्या मेजावरचे. शेजारच्या गच्चीवर आंधीत उडालेले पापड गोळा होत होते आणि पापडांपाशी दोन डोळे होतेच.

"परवा न्हाले की लगेच लिहून देते," शामला म्हणाली. "शप्पथ."

भल्याभल्यांना सहीवाचून न सोडणाऱ्या सुलोचनाबाई, त्यांनी मुकाट्याने कागदाची घडी घातली. कागद तिच्यापुढे जमिनीवर ठेवावा, एवढंही त्यांच्या मनात आलं नाही. शास्त्र-पुराणं कोणी त्यांना शिकवली नव्हती, पण हे मात्र न शिकवता येत होतं.

शेवंताने ओल्या लुगड्यात देवघर झाडलं, देव धुऊन पुसले, ताम्हन-पळी घासली. धुळीने माखलेली शिळी फुलं, तुळस, बेल निर्माल्याच्या टोपलीत भरून टोपली तुळशीपाशी टांगली. दाराबाहेर उभ्या राहून सुलोचनाबाईंनी प्रत्येक हालचाल पाहिली. तरी त्या रात्री त्यांचा डोळा लागला नाही. कागदाची पाठ कोरी होती, आणि ती त्यांना उशीखालून टोचत होती.

दुसऱ्या दिवशी त्या बायकांना घेऊन निघणार, तोच टिकेकरांचा गाडीवान कान्होजी दारात येऊन उभा राहिला. "माईसाहेबांनी बोलावलंय. लगेच. शेवंताबाईलाही." कान्होजी एरवी बोलका माणूस, कोणत्याही कामाला अर्धा दिवस लावून उरलेला अर्धा त्याबद्दल बोलणारा. आज त्याने नजर दिली नाही.

"बाई, काय झालं असेल?" शेवंता वाटभर विचारत राहिली. "मला तर घबराहट होऊन राहिली आहे."

"काही नाही. चल."

माईसाहेब दिवाणखान्यात उभ्या होत्या. प्रवासाचं लुगडंही अजून बदललेलं नव्हतं. पांडुरंगराव आरामखुर्चीत बसले होते आणि त्यांच्या हातात करारनाम्याची त्यांच्याकडची प्रत होती.

"माझा बाळकृष्ण कुठाय?" माईंनी विचारलं.

बाळकृष्ण म्हणजे चांदीचा, अंगठ्याच्या पेराएवढा रांगणारा देव. माईंना लग्नात आईने दिलेला. मुंजीत तोच पुढे ठेवून देवक बसवायचं होतं. सगळे देव जागेवर होते, चकाकत होते, आणि तोच नव्हता.

"माईसाहेब, मी जसेच्या तसे ठेवले हो," शेवंता म्हणाली आणि तिथेच चूक झाली.

"म्हणजे तू देवघरात गेली होतीस!"

पांडुरंगरावांनी चष्मा नीट केला. "बाई, हे तुम्हीच लिहून आणलेलं आहे. देवघर वगळून. अक्षरं स्वच्छ आहेत. मग ही बाई आत कशी गेली?"

सुलोचनाबाईंनी आयुष्यात एकदा शहाणपणा करून भिंत बांधली, आणि तीच आज अंगावर येत होती. कागद नसता तर निदान रडता-भांडता आलं असतं. आता त्यांचेच शब्द त्यांना चोर म्हणत होते.

"आम्हाला सांगितलं होतं," त्या कशाबशा म्हणाल्या. "आंधी आली, देवांवर धूळ बसली, म्हणून."

"कोणी सांगितलं?"

मागच्या ओसरीवर बांगडी वाजली. सुलोचनाबाईंनी तिकडे पाहिलं नाही. नाव घेतलं तर त्या पोरीचं काय होईल, ते तिने स्वतःच सांगितलं होतं. नाही घेतलं तर शेवंताचं काय होईल, ते सुलोचनाबाईंनी स्वतः भोगलं होतं. शेवंताचा नवरा स्टेशनाजवळच्या पडावावर हमाल. बायकोला शिपाई घेऊन गेला हे कळलं की तो आधी तिला घराबाहेर काढणार आणि मग विचारणार. बाकीच्या तिघींच्या चुलीही याच नावावर पेटत होत्या. त्यांना शामलाचा राग आला, माईंचा आला, सगळ्यांत जास्त स्वतःचा आला. पण शेवंता त्यांचा पदर मुठीत धरून उभी होती.

"वहिनीसाहेबांनी," सुलोचनाबाई म्हणाल्या.

"ती बाजूला बसलीय!" माई कडाडल्या. "स्वतः शिवत नाही कशाला, ती तुम्हाला देवघर उघडून देईल? आणि पाणी भरणाऱ्या माणसालासुद्धा तुम्ही लिहा म्हणता ना? मग दाखव. कुठं लिहिलंय ते दाखव!"

सुलोचनाबाईंनी कमरेचा कागद काढला, उलटा केला. कोऱ्या पाठीकडे सगळे पाहत राहिले. पांडुरंगरावांनी एक सुस्कारा सोडला. त्या माणसाला वाईट वाटत होतं, हे खोटं नाही. पण मुलकी खात्यात वाईट वाटण्याचा रकाना नसतो.

"कान्होजी," त्यांनी हाक मारली. "गाडी जुंप. कोतवालीत जाऊन ये."

कान्होजी पाय ओढत बाहेर गेला. शेवंता खाली बसली आणि तोंडात पदर कोंबून रडू लागली. सुलोचनाबाईंना काही सुचेना. आणि मग, अगदी का कोण जाणे, त्यांनी तो कागद ओसरीकडच्या उंबऱ्यापाशी नेला आणि पाठ वर करून जमिनीवर ठेवला. शेजारी पांडुरंगरावांच्या मेजावरची दौत आणि टाक ठेवला. वाकलेल्या पाठीने तशाच मागे सरल्या.

ओसरीवरून कोणी उठलं नाही. सुलोचनाबाईंना वाटलं, संपलं. कोण कशाला येईल? आपण तिच्या जागी असतो तर आलो असतो का?

मग शामला आली. डोक्यावरचा पदर घट्ट धरून ती ओसरीवरून उठली, अंगण ओलांडून उंबऱ्यापाशी आली आणि खाली बसली. माई "अगं, अगं!" करत भिंतीला चिकटल्या. शामलाने टाक उचलला. दौतीतून काढताना पहिला ठिपका कागदावर सांडलाच. पण मुलींच्या शाळेत सहावीपर्यंत शिकलेली ती, अक्षर गोल होतं. लिहिता लिहिता ती मोठ्याने वाचत होती, कारण त्या क्षणी थांबली असती तर पुन्हा बोलली नसती.

"देवघर झाडायला मी सांगितलं. मी बाजूला होते म्हणून काल लिहून दिलं नाही. आज लिहिते. बायकांचा दोष नाही." खाली तिने सही केली. शामला भालचंद्र टिकेकर. नवऱ्याचं नाव तोंडाने घ्यायचं नसतं, ते तिने नुसतं लिहिलं.

"काय केलंस हे, सूनबाई," पांडुरंगराव पुटपुटले.

माईंचा चेहरा पाहवत नव्हता. त्यांनी शेवंताकडे वळून वेगळ्याच आवाजात विचारलं, "शिळी फुलं कुठं टाकलीस?"

"निर्माल्याच्या टोपलीत, माईसाहेब. तुळशीपाशी."

माई मटकन खुर्चीत बसल्या. टोपली तिथे नव्हती. सकाळी स्टेशनावरून आल्या आल्या, भरलेली टोपली दिसली म्हणून, त्यांनी स्वतःच ती कान्होजीकडे दिली होती. तलावात सोडून ये म्हणून. धुळीने लडबडलेल्या फुलांच्या गोळ्यात पेराएवढा देव शेवंताला दिसला नसेल, आणि त्यांनी तर टोपलीत डोकावूनही पाहिलं नव्हतं. निर्माल्यात कोण बोटं घालतं?

"कान्होजी!" माईंची हाक रडल्यासारखी आली.

कान्होजी धावत आला. गाडी अजून जुंपलीच नव्हती. "जातो, माईसाहेब, जातो. घोडा जरा पाणी पीत होता."

"टोपली सोडलीस का तलावात?"

त्याने मान खाली घातली. "चूक झाली. गाडीतच आहे बैठकीखाली. म्हटलं, ऊन उतरलं की जाऊ."

त्या घरात कान्होजीचा आळस आजवर शिव्या खात आला होता. त्या दिवशी माईंनी त्याला हात जोडले. टोपली आली, ताम्हनात उपडी झाली, आणि वाळक्या झेंडूच्या एका गोळ्यातून बाळकृष्ण निघाला, गुडघ्यावर रांगणारा, डोक्याला बेलाचं पान चिकटलेला. शेवंता हसत होती की रडत होती, तिचं तिलाच कळत नव्हतं. सुलोचनाबाईंच्या जिवात जीव आला तशी त्यांना पहिल्यांदा तहान लागल्याचं जाणवलं.

माईंनी देव पुसला, डोळ्यांना लावला. मग उंबऱ्यापाशी बसलेल्या सुनेकडे न बघता म्हणाल्या, "उद्या न्हालीस की देवघर तूच पुसायचंस. आणि त्या खिडकीला कडी लावून घे." कोतवालीचं नाव पुन्हा कोणी काढलं नाही. शेवंताची माफीही कोणी मागितली नाही. तेवढी वाट बघायला शेवंता काही काल जन्मली नव्हती.

पांडुरंगरावांनी घसा साफ केला. "चला, मिटलं. सुलोचनाबाई, तो कागद मात्र द्या इकडे. फाडून टाकू. आता मुंज आहे, चार पाहुणे येतील. आमच्या घरची सून अशा दिवसांत दिवाणखान्यापर्यंत येऊन सही करते, ही गोष्ट बाहेर जायला नको. मी तुम्हाला दुसरा लिहून देतो. अगदी तुमच्या सगळ्या अटींचा."

दुसरा कागद म्हणजे कोऱ्या पाठीचा कागद. उद्या कोणी म्हणालं की त्या टिकेकरांकडे चोरी करून आल्या, तर दाखवायचं काय? पण समोर इतका मोठा माणूस हात पुढे करून उभा. नाही म्हणायची सुलोचनाबाईंची छाती होईना.

कागद उंबऱ्यापाशी होता. शाई अजून ओली होती.

"घ्या ना, रावसाहेब," त्या म्हणाल्या. "समोरच आहे."

पांडुरंगराव वाकले. हात कागदापर्यंत गेला आणि वीतभर अलीकडे थांबला. लिहिताना त्यावर शामलाचा तळहात टेकला होता. त्यांनी माईंकडे पाहिलं. माईंनी तोंड फिरवलं. एवढा मोठा अंमलदार माणूस, शंभर गावांचे कागद फिरवणारा, एका कागदापुढे वाकून उभाच राहिला.

"राहू द्या मामंजी, त्यांच्याकडेच," शामला हळूच म्हणाली. तिने वर पाहिलं नाही. "माझी सही आहे त्यावर."

कोणी काही बोलायच्या आत सुलोचनाबाई पुढे झाल्या. काल मुकाट्याने घडी घालणारी आपलीच बोटं त्यांना आठवली. त्यांनी खाली बसून कागद उचलला, फुंकर घालून शाई वाळवली, चौघडी केली आणि कमरेला खोचला. उठताना त्यांनी शामलाच्या डोक्यावरून एकदा हात फिरवला. तेही सगळ्यांनी पाहिलं.

दौलतगंजाचा रस्ता आला. तेव्हा शेवंताने भीत भीत विचारलं, "बाई, घरी गेल्यावर अंघोळ करावी लागेल ना आता तुम्हाला?"

"कशाला?" सुलोचनाबाई म्हणाल्या, आणि कमरेचा कागद चाचपून पुढे चालू लागल्या.